वाळू सगळ्यांची, वेळ ज्याची त्याची

मैत्रिणींनो, कोकणात जाणं म्हणजे पूर्वी देवदर्शन असायचं. गणपतीपुळ्याला जायचं, हरिहरेश्वरला जायचं, दर्शन झालं की जाता जाता समुद्रावर पाय भिजवून यायचं. आता उलटं झालंय. बचत गटाची सहल असो, भिशीच्या मैत्रिणी असोत की दहावीच्या जुन्या वर्गाचं स्नेहसंमेलन, आधी समुद्र ठरतो आणि मग वाटेवरचं देऊळ. मला तरी यात वाईट काही वाटत नाही. वर्षभर घर, शाळा, दुकान, दवाखाना यांत अडकलेल्या बाईला दोन दिवस मोकळं आकाश मिळत असेल तर मिळू दे की!

पण किनारा काही रबराचा नाही, ताणला की वाढायला. माणसं वाढली, वाळू तेवढीच राहिली. त्यातच २०२५ मध्ये आपल्या राज्यातल्या पाच किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. रायगडातले श्रीवर्धन आणि नागाव, रत्नागिरीतले गुहागर आणि लाडघर, आणि पालघर जिल्ह्यातला डहाणूचा पारनाका. पाण्याची शुद्धता, सुरक्षितता, सोयी, पर्यावरणाची काळजी अशा ३३ निकषांवर हा निळा झेंडा मिळतो आणि तो दरवर्षी पुन्हा मिळवावा लागतो. अभिमानाचीच गोष्ट आहे. मात्र झेंडा लागला की गर्दी येणार, आणि गर्दी आली की ‘ही जागा कुणाची?’ हा प्रश्नही येणार.

मी किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात राहते. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण गोष्ट एका गावाची नाहीच. हल्ली आमच्याकडे शनिवार-रविवारी एक नवं भांडण ऐकू येतं. ते गळवाल्यांचं आणि फिरायला येणाऱ्यांचं.

गळ टाकणं कोकणाला नवं नाही हो. ‘गरवायला जातो’ म्हणून संध्याकाळी गरी घेऊन खडपावर बसणारे आजोबा प्रत्येक गावात असतात. खाडीकाठच्या बायकासुद्धा गरवतात. नवे आलेत ते शहरातले हौशी लोक. दहा-बारा फुटांची काठी, तिला गरागरा फिरणारं रीळ, बारीक तंगूस, टोकाला शंभर-सव्वाशे ग्रॅमचं शिसं आणि त्याच्याजवळ आमिष लावलेले गळ. किनाऱ्यावर उभं राहून हे सगळं जोरात लाटांपलीकडे फेकायचं, काठी वाळूत रोवलेल्या नळीत उभी करायची आणि वाट बघत बसायचं. मुडदुशी लागते, शिंगाळा लागतो, नशीब असेल तर रावस किंवा तांबोशी. छंद म्हणून वाईट नाही. दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा तर शंभर पटींनी बरा.

मग भांडण कशाचं? दोन्हीकडचं ऐकलं की दोघांचंही पटतं. पोरांना घेऊन आलेली आई म्हणते, “अहो, माझी मुलं पाण्यात खेळतायत आणि हे डोक्यावरून शिसं भिरकावतात. लागलं म्हणजे?” गळवाला म्हणतो, “ताई, मी पहाटे पाचला येऊन बसलोय. तेव्हा इथं चिटपाखरू नव्हतं. तुम्ही नऊला आलात आणि नेमक्या माझ्या दोरीवर पोरं सोडलीत.” आता सांगा, कोण खोटं बोलतंय? कुणीच नाही.

त्यात तिसरी बाजू आहे, आणि ती या भांडणात बोलतच नाही. कारण ती कामात असते. पहाटे जवळा वाळत घालणारी, टोपली डोक्यावर घेऊन लिलावाला निघालेली, ओहोटीला तिसऱ्या काढायला वाकलेली बाई. आपल्यासाठी जे फिरायचं ठिकाण आहे ते तिचं अंगण आहे, खळं आहे आणि बाजारही आहे. शेतकऱ्याच्या खळ्यावर मळणी चालू असताना आपण चपला घालून धान्यावरून चालत जाऊ का? वाळत घातलेल्या जवळ्यावरून मात्र माणसं सर्रास चालत जातात, वर नाकाला रुमाल लावून “ई, काय वास!” असंही म्हणतात. तोच जवळा जाताना शंभराचा साठला मागतात, हेही मी पाहिलंय.

हर्णैच्या बंदरात किनाऱ्यावरच माशांचा लिलाव होतो. बघण्यासारखा असतो, पर्यटक आवर्जून जातात. पण लिलावाच्या घोळक्यात शिरून फोटोसाठी पाठ करून उभं राहिलं, तर बोली लावणाऱ्या बाईला मासळीच दिसत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण अजून दिसते. होडीतून मोठं जाळं अर्धगोलात पाण्यात सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढत आणायचे. पंचवीस-तीस माणसांचं काम, आणि मिळेल त्या मासळीचे वाटे पडतात. ती ओढली जात असताना त्या अर्धगोलात कुणी पोहायला उतरलं किंवा गळ टाकला तर जाळं फाटतं, नाहीतर मासळी बिथरून निसटते. आपला गेला तर एक फोटो जातो. त्यांची गेली तर त्या दिवसाची मजुरी जाते, तीही तितक्या घरांची.

म्हणून मला वाटतं, किनारा सगळ्यांचा हे खरं असलं तरी सगळ्यांचा हक्क एकाच वजनाचा नाही. ज्याचं पोट त्या वाळूवर आहे त्याचा पहिला मान. त्यानंतर आपण सगळे हौशे: पोहणारे, चालणारे, क्रिकेट खेळणारे आणि गळ टाकणारेही. हौशांमध्ये मात्र लहान-मोठं कुणी नाही. तिथे आधी आला त्याची जागा, आणि नंतर आला त्याने विचारून बसायचं.

कायदा याबद्दल काय सांगतो? १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात एक तत्त्व स्पष्ट केलं. समुद्रकिनारा, वाहतं पाणी, हवा, जंगल ही संपत्ती सरकारच्या मालकीची नसून सरकार तिचं फक्त विश्वस्त आहे, जनतेच्या वतीने सांभाळणारं. म्हणजे किनारा कुणा हॉटेलचा नाही, कुणा क्लबचा नाही आणि कुणा गळवाल्याचाही नाही. किनारपट्टीच्या बांधकामांवर बंधन घालणारी अधिसूचना, जिला सगळे ‘सीआरझेड’ म्हणतात, ती पहिल्यांदा १९९१ मध्ये आली, मग २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये बदलली. २०११ च्या अधिसूचनेत मच्छीमारांच्या उपजीविकेचं रक्षण हा हेतू शब्दांत लिहिलेला आहे. मासे सुकवायची जागा, लिलावाची शेड, जाळी दुरुस्तीची जागा यांना तिने मुभा दिली. २०१९ च्या अधिसूचनेने पर्यटनासाठी तात्पुरत्या सोयींना वाव दिला. भरतीच्या रेषेपासून किमान दहा मीटर सोडून शॅक, स्वच्छतागृह, कपडे बदलायच्या खोल्या करता येतात.

पण बघा, हा सगळा कायदा काय बांधावं नि काय बांधू नये याचा आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता वाळूवर कुणी कुठे उभं राहावं, हे कुठल्याच अधिसूचनेत नाही. ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं, जसं एसटीत खिडकीचं आणि नळावर हंड्यांच्या रांगेचं आपण ठरवत आलो.

त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, ती म्हणजे भरती-ओहोटी. निम्मी भांडणं हिच्यामुळे होतात, पण हिचं नाव कुणी घेत नाही. किनाऱ्यावरचे लोक एक सोपं गणित वापरतात. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या आसपास भरती, आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास ओहोटी. चतुर्थी असेल तर तीनला भरती. रोज ही वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. गावागणिक थोडा फरक पडतो, पण अंदाज येतो. भिंतीवरचं कॅलेंडर आपण संकष्टीसाठी बघतोच, सहलीसाठीही बघू या.

आता पौर्णिमा किंवा अमावास्येच्या रविवारी काय होतं? पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. उधाणाची भरती, पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत येतं आणि वाळूचा जेमतेम पट्टा उरतो. नेमकी हीच पर्यटकांची यायची वेळ. गळवाल्यांनाही चढतं पाणी हवं असतं, कारण मासे पाण्याबरोबर किनाऱ्याकडे येतात. झालं, सगळे एकाच चिंचोळ्या पट्टीत, वादाला वेगळं कारण लागतच नाही. तेच अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, दुपारी ओहोटी असते आणि सगळ्यांना पाय पसरायला जागा मिळते. सहलीची तारीख ठरवताना एवढं पाहिलं तरी निम्मा त्रास वाचेल.

दुसऱ्या देशांत याचा तोडगा वेळ वाटूनच काढलेला दिसतो. गळाची हौस तिकडे आपल्यापेक्षा जुनी आणि मोठी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अनेक गावांत उन्हाळ्यात पोहण्याचे पट्टे आखलेले असतात. जीवरक्षक कामावर असतात तेवढ्या वेळात त्या पट्ट्यात गळ टाकायचा नाही. सकाळी लवकर आणि संध्याकाळी जीवरक्षक गेले की तीच जागा गळवाल्यांची. कुणाला हाकललेलं नाही, वेळ वाटून दिलेली आहे. आपल्याकडे हे सहज जमण्यासारखं आहे, कारण गळाला मासा लागायची चांगली वेळही पहाटेची आणि तिन्हीसांजेचीच.

तोपर्यंत साध्या वागण्याच्या गोष्टी दोन्हीकडून पाळता येतील. गळ टाकणारा आपला भाऊ, नवरा, मुलगा असेल, तर त्याला एवढं सांगा:

काठी मागे नेण्याआधी मागे वळून बघायचं. फेकताना गळ मागूनच पुढे येतो आणि मागे एखादं मूल उभं असू शकतं. पोहणाऱ्यांपासून निदान शंभर पावलं लांब उभं राहायचं. पोरं पाण्यात दोरीकडे सरकायला लागली तर ओरडण्याआधी दोरी गुंडाळायला घ्यायची. तुटलेला तंगूस वाळूत टाकायचा नाही. तो शेकडो वर्षं कुजत नाही, पक्ष्यांच्या पायात, कासवांच्या मानेला गुंडाळतो. शिंगाळ्याचा काटा, पाकटाची शेपटी, विषारी केंड मासा असलं काही वाळूवर फेकून जायचं नाही. अनवाणी पाय आपल्याच मुलांचे असतात. आमिष लावलेला गळही तसाच सोडायचा नाही, भटकं कुत्रं तो गिळतं आणि तडफडतं.

आणि फिरायला जाणाऱ्या आपण?

काठी दिसली की तिच्या मागून जायचं, काठी आणि पाणी यांच्या मधून नाही. तंगूस उन्हात दिसत नाही आणि तो कुणाच्या छातीच्या, कुणाच्या गळ्याच्या उंचीवर असतो. पळणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवायचं. कुणी गळ टाकून बसलंय तिथेच चेंडू-फळी सुरू करायची नाही, जरा पुढे जायचं. रापणीचा दोर ओलांडायचा नाही. ओढायला बोलावलं तर मात्र जरूर हात लावावा, मुलांना त्यातून जे कळतं ते पुस्तकातून कळत नाही. जवळा, बोंबील वाळत असतील तर वळसा घालायचा, आणि फोटो काढायच्या आधी त्या मावशींना विचारायचं. आपल्या अंगणात येऊन कुणी न विचारता आपला फोटो काढला तर आपल्याला चालेल का?

घरातल्या ‘डॉक्टरीणबाईं’साठी दोन गोष्टी सांगून ठेवते. गळ बोटात रुतला तर उपसून काढायचा नाही. त्याला उलटा काटा असतो, मांस फाटतं. आहे तसा ठेवून दवाखाना गाठायचा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं. शिंगाळा किंवा पाकट लागलं तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, चटका बसणार नाही असं बघून, अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायची, वेदना कमी होतात. पण डॉक्टर चुकवायचा नाही.

वाळूवर गाड्या घालणाऱ्यांबद्दल मात्र मला सौजन्याची भाषा सुचत नाही. गाडी रुतली, भरतीत अडकली, ट्रॅक्टरने ओढून काढली, अशा बातम्या अधूनमधून येतातच. चाकाखाली काय जातं ते बातमीत येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायचं काम २००२ पासून सुरू झालं आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो. मादी वाळूत अंडी घालून निघून जाते, पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वरून ते घरटं ओळखूही येत नाही. एका जीपच्या हौसेपायी सगळं घरटं दबू शकतं. गळवाला आणि पोहणारा यांची तडजोड होऊ शकते, पण किनाऱ्यावर गाडी नको म्हणजे नको.

आता थोडं आपल्याबद्दल. किनाऱ्यावर कुणाला मोकळं वाटतं, हा प्रश्न बायकांच्या बाबतीत जास्त टोचतो. पहाटे एखादा गळवाला शांतपणे उभा असला की फिरायला आलेल्या बाईला उलट बरंच वाटतं. तो पाण्याकडे बघत असतो, कुणी बुडत असेल तर त्याला आधी दिसतं. पण संध्याकाळी ‘फिशिंग’च्या नावाखाली चार-पाच जणांचं टोळकं बाटल्या घेऊन बसलं की त्या बाजूला जाणंच बंद होतं. आमच्याकडच्या कितीतरी जणींनी संध्याकाळचा फेरा सोडून दिला तो समुद्राला भिऊन नाही. गोव्याने २०१९ मध्ये कायदा बदलून किनाऱ्यासारख्या पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं याला दंड लावला, एकट्याला दोन हजार आणि गटाला दहा हजार रुपये. दंड कितपत वसूल होतो हा भाग वेगळा, पण ‘हे चालणार नाही’ एवढं तरी लिहिलं गेलं.

खरी काळजी मला पुढची आहे. निळे झेंडे वाढतील तसे किनाऱ्यावर पट्टे आखले जातील. हा पोहण्याचा, हा वॉटर स्पोर्टचा, हा छत्र्यांचा. ते आखलेच पाहिजेत, त्याशिवाय अपघात टळणार नाहीत. पण नकाशा काढताना जवळा वाळवणारी बाई टेबलाभोवती नसते. गळ टाकणाऱ्याला हटवलं तर त्याचा छंद दुसऱ्या गावी जाईल. तिला हटवलं तर ती कुठे जाईल? किनारा ‘स्वच्छ’ करताना होड्या, जाळी, वलांड्या आणि सुकी मासळी हाच कचरा ठरू नये. झेंड्याच्या निकषांत स्वच्छता आहे, ती कचऱ्याची. कष्टाच्या वासाला कचरा म्हणायचं की नाही हे गावाने ठरवायचं आहे.

आणि गावात आपण आहोत ना! महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत, २०११ पासून. गावात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हेही कायद्यात आहे. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण किनाऱ्याच्या गावातल्या बायकांनी त्या सभेत एकच विषय धरावा: किनाऱ्याचं वेळापत्रक. मासळी सुकवायची जागा कुठली, ती पक्की लिहायची. पोहण्याचा पट्टा कुठून कुठे, गळ किती ते किती वाजेपर्यंत, गाड्या कुठे अडवायच्या, अंधार पडल्यावर दिवा कुठे हवा. एक फलक, मराठीत, मोठ्या अक्षरात. खर्च फार नाही. लागतो तो फक्त ठराव, आणि ठरावाला हात वर करणाऱ्या बायका. छोट्या शहरांत हाच विषय नगरपालिकेतल्या आपल्या नगरसेविकेकडे न्यावा.

किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, आमचं काय? तुमचं काम याहून सोपं आहे. पुढच्या सहलीला गाडी गावातच ठेवा, चालत वाळूवर या. मावशींकडून सुकट घेताना चार रुपये कमी करायला भांडू नका. काठी दिसली तर मागून जा. आणि गळवाल्याला “काय लागलं का?” एवढं विचारा. बहुतेक गळवाले या प्रश्नाने खुलतात आणि पोरांना टोपलीतला मासा दाखवायला स्वतः उठून येतात.